समईचे सुटे भाग : त्रिमितीय आकाराचं सेगमेंटेशन पहिल्यांदा करताना

आमच्या देवघरातली पितळी समई दीड फूट उंच आहे. सणाच्या आधी आई ती घासायला काढते, तेव्हा सगळ्यात आधी मोर फिरवून काढते, मग पाच चोचींची वाटी, मग दांड्याचे दोन तुकडे आणि शेवटी हातात उरते ती बैठक. पाच भाग, आट्यांनी एकमेकांत बसलेले. चिंचेच्या कोळानं घासून ते जुन्या पंचावर ओळीनं मांडले की समई कशी बनली आहे हे लहान मुलालाही कळतं.

याच समईचे फोटो काढून मी तिचा त्रिमितीय आकार कॉम्प्युटरवर तयार केला आणि भाग वेगळे करायला लावले, तेव्हा अकरा भाग मिळाले. दांड्यावरचा एकेक मणी प्रोग्रामनं वेगळा धरला होता. आणि दांड्याच्या दोन तुकड्यांमधला खरा सांधा, जो आई डोळे मिटून उघडते, तो त्याला दिसलाच नव्हता. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, मण्यांचा दांडा अखंड ओतलेला असतो. तो कुठं उघडतो?"

प्रोग्राम चुकला असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. आईनं भाग सांगितले ते उघडण्याच्या हिशेबानं, प्रोग्रामनं पाडले ते आकाराच्या हिशेबानं. मी मात्र मला कुठले हवेत हे ठरवलंच नव्हतं. नवीन शिकणाऱ्यांचा जास्तीत जास्त वेळ जातो तो इथे, म्हणून हा लेख 'आधी ठरवा, मग भाग पाडा' याच क्रमानं लिहिला आहे. ब्लेंडर किंवा मेशलॅब उघडून मॉडेल फिरवता येत असेल, तर पुढचं सगळं जमेल. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

सेगमेंटेशन म्हणजे नेमकं काय करायचं

स्क्रीनवरची समई आतून भरीव नसते. ती त्रिकोणांची जाळी असते, तिला मेश म्हणतात. बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या कडा आणि कडांनी बनलेले त्रिकोण, एवढाच ऐवज. यातला कोणता त्रिकोण मोराचा आणि कोणता वाटीचा हे फाइलमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं.

सेगमेंटेशन म्हणजे प्रत्येक त्रिकोणाला एक क्रमांक देणं. माझ्या समईत ४०,००० त्रिकोण होते, म्हणजे मला ४०,००० क्रमांकांची एक यादी हवी होती : बैठकीच्या त्रिकोणांना १, खालच्या दांड्याला २, असं. कितीही भारी पद्धत वापरली तरी शेवटी हातात पडते ती ही यादी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची कुठलीच पायरी अवघड वाटत नाही. कापणं, रंग देणं, वेगळ्या फाइली करणं हे सगळं त्या यादीच्या नंतरचं काम.

पहिली पायरी : भाग कशासाठी हवेत ते कागदावर लिहा

हे काम खरोखर कागदावर करा. एकच समई, पण गरजेप्रमाणे भाग बदलतात.

थ्रीडी प्रिंट काढायची असेल तर प्रिंटरच्या पाटावर मावतील आणि आधाराशिवाय उभे राहतील असे भाग हवेत. मोराची मान मधोमध कापावी लागली तरी चालतं. ॲनिमेशन करायचं असेल तर जिथे वळायचं तिथे भाग बदलायला हवा. माणसाच्या हाताच्या मॉडेलमध्ये बोट हा एक भाग पुरत नाही, प्रत्येक पेर वेगळं लागतं. वस्तूची नोंद ठेवायची असेल, म्हणजे कुठल्या भागाला पोचा आला आहे, कोणता भाग नंतर बदललेला आहे हे लिहायचं असेल, तर आईचे पाच भागच बरोबर. आणि पृष्ठभागावर चित्र किंवा पोत चढवायचा असेल, तर भाग अर्थपूर्ण असण्यापेक्षा सपाट उलगडता येणारे असणं महत्त्वाचं.

शेवटचा प्रकार बाकीच्यांहून मुळातच वेगळा आहे. त्यात आपण पृष्ठभागाचे तुकडे करतो, वस्तूचे नाही. शर्ट शिवताना शिंपी कापड बेततो तसं ते आहे. या लेखात मी वस्तूच्या भागांबद्दलच लिहितो आहे.

कागदावर तीन गोष्टी लिहा : भागांची नावं, एकूण संख्या आणि ज्या ठिकाणी शंका आहे ती ठिकाणं. माझ्या कागदावर शंका एकच होती. वाटीच्या खाली दांड्याला एक आखूड, निमुळता पट्टा आहे, तो वाटीचा की दांड्याचा? आईला विचारलं. ती म्हणाली, "तो समईचा गळा. वाटीबरोबर निघतो." प्रश्न मिटला. वस्तू रोज हाताळणारा माणूस जवळ असेल तर त्याला आधी विचारा. कुठल्याही प्रोग्रामपेक्षा त्याला जास्त माहिती असते.

दुसरी पायरी : आकार मिळवा

सरावासाठी तयार मॉडेल घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ससा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. १९९४ साली ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी मातीचा ससा स्कॅन करून तो बनवला. त्यात ६९,४५१ त्रिकोण आहेत. कान, डोकं, धड, पाय, शेपटी असे भाग डोळ्यांना दिसतात आणि धड कुठं संपतं नि मांडी कुठं सुरू होते यावर लगेच वादही होतो, म्हणून तो सरावाला उत्तम. त्याच्या तळाला भोकं आहेत, तेव्हा पुढच्या पायरीचाही सराव होतो.

त्याहून उपयोगी संच प्रिन्स्टन विद्यापीठाचा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचात १९ प्रकारची ३८० मॉडेल आहेत : माणूस, कप, चष्मा, विमान, मुंगी, खुर्ची, ऑक्टोपस, टेबल, टेडी, हात वगैरे. त्याचं खरं मोल पुढं आहे. या मॉडेलवर माणसांनी स्वतः रेघा मारून केलेली सुमारे ४,३०० सेगमेंटेशन त्यासोबत मिळतात. म्हणजे तुम्ही केलेलं काम दुसऱ्या माणसांच्या कामाशेजारी ठेवून बघता येतं.

घरातली वस्तू घ्यायची असेल तर मोबाइलचे फोटो पुरतात. फोटोंवरून आकार बनवणारी मेशरूमसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. वस्तूभोवती फिरत दोन-तीन उंचींवरून साठ-सत्तर फोटो घ्या, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा येऊ द्या. ऊन नको, ढगाळ दिवस किंवा ओसरी बरी. वस्तू जागेवर ठेवा, तुम्ही फिरा.

पितळेचा त्रास वेगळाच. चकचकीत पृष्ठभागावर खोलीचं प्रतिबिंब पडतं, आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर सरकतं. सॉफ्टवेअरला ते पितळेवरचे डाग वाटतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात वाटी म्हणजे नुसता चिखल आला होता. मग समई कोरडी करून मऊ ब्रशनं टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर दिला. चकाकी गेली, बारीक नक्षी उठून आली, आणि दुसऱ्या प्रयत्नात चोचींच्या कडासुद्धा स्पष्ट मिळाल्या. पावडर जाड मात्र देऊ नका, खाचा भरून जातात, आणि पुढं आपल्याला त्या खाचाच हव्या आहेत.

फोटोंवरून बनलेल्या आकाराला मूळ माप नसतं. समईशेजारी पट्टी ठेवून फोटो काढले असतील तर नंतर दोन बिंदूंमधलं अंतर मोजून मॉडेलचं माप बसवता येतं.

तिसरी पायरी : मेश स्वच्छ करा

या पायरीला कंटाळून जे पुढे जातात ते दोन दिवसांनी इथंच परत येतात.

मेशलॅबमध्ये एकावर एक पडलेले बिंदू आणि त्रिकोण काढून टाका. हवेत तरंगणारे बारीक तुकडे काढा. एकाच कडेला तीन-तीन त्रिकोण चिकटले असतील तर ती जागा दुरुस्त करा. अशा कडेवर आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे कुठल्याच पद्धतीला कळत नाही. भोकं बुजवा. मग ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन चालू करून पाहा. जे त्रिकोण बाहेरून लाल दिसतात ते उलटे आहेत. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबलं की ते सरळ होतात. त्रिकोणाची दिशा बरोबर असणं फार गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं गणित 'आत' आणि 'बाहेर' यांवर उभं आहे.

आता त्रिकोण कमी करा. स्कॅनमधून पाच-दहा लाख त्रिकोण येतात आणि शिकताना एवढे नकोत. मेशलॅबमधलं क्वाड्रिक एज कोलॅप्स वापरून तीस-चाळीस हजारांवर आणा. गार्लंड आणि हेकबर्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही पद्धत सपाट जागेतले त्रिकोण आधी कमी करते आणि बाक असलेल्या जागा शक्यतो जपते. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा, ती शेवटी लागणार आहे.

आणि एक तपासणी, जी मी आता नेहमी सगळ्यात आधी करतो : मॉडेल आधीच सुट्या भागांचं आहे का? इंटरनेटवरून घेतलेली खुर्ची किंवा गाडी बऱ्याचदा कुणीतरी भाग भाग जोडून बनवलेली असते. ब्लेंडरच्या एडिट मोडमध्ये सगळं निवडा, पी दाबा आणि बाय लूज पार्ट्स घ्या. चाकं आपोआप वेगळी झाली तर तुमचं अर्धं काम तिथंच संपलं.

चौथी पायरी : पहिला आकार हातानं करा

ऑटोमॅटिक पद्धतीकडे जायची घाई होते, मी समजू शकतो. तरी पहिलं मॉडेल हातानंच करा. रेघ कुठून न्यायची हे ठरवताना जी नजर तयार होते तीच पुढे प्रोग्रामचं उत्तर तपासायला लागते.

ब्लेंडरच्या एडिट मोडमध्ये कडा निवडायचा पर्याय घ्या. वाटी आणि मोर यांच्यामधल्या खाचेवरची एक कड निवडा, कंट्रोल दाबून खाचेवरच थोडी पुढची कड निवडा. दोन्हींमधला सर्वात जवळचा रस्ता आपोआप निवडला जातो. असं करत खाचेला पूर्ण वळसा घाला. स्कॅनचे त्रिकोण वेडेवाकडे असल्यामुळे रस्ता नागमोडी जातो, तेव्हा अंतर कमी ठेवा. वळसा पूर्ण झाला की मार्क सीम द्या, म्हणजे त्या कडांवर शिवणीसारखी लाल रेघ उमटते. सगळ्या सांध्यांवर सीम झाल्या की त्रिकोण निवडायच्या पर्यायावर या, मोरावर माउस ठेवून एल दाबा, आणि खाली उघडणाऱ्या चौकटीत डिलिमिटमध्ये सीम निवडलेलं आहे ना ते पाहा. फक्त मोर निवडला गेला पाहिजे. पूर्ण समई निवडली गेली तर सीममध्ये कुठंतरी एक कड सुटली आहे. ती शोधायची सोपी रीत म्हणजे वळशाभोवती मॉडेल सावकाश फिरवून लाल रेघ तुटते कुठं ते बघणं.

प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाचं मटेरियल द्या. भाग लगेच तोडून वेगळे करू नका. मेश अखंड ठेवून रंगानं भाग दाखवले तर चूक दुरुस्त करता येते, तुकडे केल्यावर ती परत जोडत बसावी लागते.

माझ्या समईला हातानं दीड तास लागला. त्यातली चाळीस मिनिटं एकट्या दांड्याच्या सांध्यात गेली.

पाचवी पायरी : खाच कुठं आहे ते गणितानं शोधा

आता डोळे मिटा आणि खऱ्या समईवरून वरून खाली बोट फिरवा. जिथं बोट आत जातं तिथं तुमचं मन म्हणतं, इथं एक भाग संपला. डोनाल्ड हॉफमन आणि व्हिटमन रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये हेच नियम म्हणून मांडलं : माणसाची नजर आकाराचे भाग पाडते ते आत वळलेल्या खाचांवर. दोन गोळे एकमेकांत घुसवले तर जिथं ते भेटतात तिथं खाच तयार होतेच. बहुतेक वस्तू भाग एकमेकांना जोडूनच बनलेल्या असतात, म्हणून हा नियम इतक्या ठिकाणी लागू पडतो.

कॉम्प्युटरला खाच कशी कळेल? शेजारशेजारचे दोन त्रिकोण घ्या. पहिल्याच्या मध्यबिंदूपासून दुसऱ्याच्या मध्यबिंदूपर्यंत बाण काढा. पहिल्या त्रिकोणाचा बाहेर जाणारा लंब आणि हा बाण यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात हे सांगणारा गुणाकार) शून्याहून जास्त आला तर दुसरा त्रिकोण पहिल्याच्या पातळीच्या वर उचललेला आहे, म्हणजे मधली कड खाचेची. कमी आला तर कड उंचवट्याची. दरीच्या एका उतारावर उभं राहिलं की समोरचा उतार आपल्या बाजूला उठलेला दिसतो, तसंच हे.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यातली ट्रायमेश ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, हे सगळं देते : शेजारी त्रिकोणांच्या जोड्या, त्यांच्यामधला कोन आणि कड बहिर्वक्र आहे की नाही. कृती चार ओळींची आहे. सगळ्या जोड्या घ्या. खाचेच्या आणि ठरावीक कोनापेक्षा जास्त वळलेल्या जोड्या काढून टाका. उरलेल्या जोड्यांनी जे त्रिकोण एकमेकांशी जोडलेले राहतात त्यांचे गट करा. प्रत्येक गटाला क्रमांक द्या.

हे चालवून बघाल तेव्हा दोन अडचणी हमखास येतील.

पहिली कोनाची. मी ३० अंशांपासून सुरुवात केली आणि काहीच वेगळं झालं नाही, सगळी समई एकच गट. कारण बारीक मेशमध्ये एक खाच एका कडेवर नसते, ती दहा-बारा त्रिकोणांवर पसरलेली असते आणि प्रत्येक कडेच्या वाट्याला जेमतेम चार-पाच अंश येतात. जितकी मेश बारीक तितका दर कडेचा कोन लहान. म्हणून ही पद्धत त्रिकोण कमी केल्यावरच वापरा, किंवा एका कडेऐवजी थोड्या मोठ्या परिसरातली वक्रता मोजा.

दुसरी गळतीची. खाचेच्या वळशात एक जरी कड ठरवलेल्या कोनापेक्षा कमी वळलेली राहिली, तर दोन्ही बाजू तिच्यातून एकमेकींना मिळतात. बांधाला उंदरानं बीळ केलं की शेत कोरडं होतं, तसंच. कोन आणखी कमी केला तर गळती थांबते, पण खरखरीत जागी भलतेच तुकडे पडायला लागतात. आधी मेश गुळगुळीत केली तर फरक पडतो. मेशलॅबमधलं टाउबिन स्मूथिंग वापरा. साधं लाप्लासियन स्मूथिंग पुन्हापुन्हा केलं की आकार आक्रसतो आणि मोराची चोच बोथट होते.

गळतीवरचा अधिक भक्कम इलाज मराठी वाचकाला शब्दानंच समजेल : पाणलोट. पृष्ठभाग म्हणजे भूप्रदेश समजा. जिथं आकार जास्त वळतो तिथं डोंगर, जिथं सपाट तिथं खोरं. पाऊस पडला की प्रत्येक त्रिकोणावरचं पाणी कुठल्या खोऱ्यात उतरतं ते बघा. ज्यांचं पाणी एका खोऱ्यात ते त्रिकोण एका भागात. मँगन आणि व्हिटेकर यांनी १९९९ मध्ये ही रीत मेशसाठी वापरली. यात छोट्या डबक्यांचेही भाग होतात, म्हणून उथळ खोरी शेजारच्या खोऱ्यात मिसळावी लागतात. किती उथळ म्हणजे मिसळायचं, तो आकडा तुम्ही ठरवता. माझा अनुभव असा की आधी जास्त तुकडे होऊ देऊन मग जोडत जाणं, हे कमी तुकड्यांतून नवे फोडण्यापेक्षा नेहमीच सोपं पडतं.

सहावी पायरी : जाडी मोजा

खाचेवर सगळं अवलंबून ठेवता येत नाही. माणसाच्या दंडाला आणि धडाला जोडणारी खाच काखेत स्पष्ट असते, खांद्यावर ती जवळजवळ नसतेच. तिथं जाडी कामाला येते.

लिओर शापिरा, आरिएल शमीर आणि डॅनिएल कोहेन-ऑर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या शेप डायमीटर फंक्शनची कल्पना साधी आहे. प्रत्येक त्रिकोणापासून आतल्या बाजूला शंकूच्या आकारात किरण सोडायचे आणि समोरच्या भिंतीला लागेपर्यंत ते किती अंतर गेले ते मोजायचं. फार वेगळे आलेले आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढली की त्या जागेची जाडी मिळते. सीगाल या लायब्ररीत हे तयार आहे. तिथं शंकू १२० अंशांचा आणि किरण २५ असं आधीपासून ठरवलेलं असतं, आणि सुरुवातीला ते बदलायची गरज नाही. मेशलॅबमध्येही याच नावाचा फिल्टर आहे, त्यानं जाडी रंगात दिसते. आधी ते रंग बघा. भागांचे रंग नजरेला वेगळे दिसत नसतील, तर पुढच्या गणितानंही ते वेगळे होणार नाहीत.

सीगालमध्ये पुढे दोन आकडे तुमच्या हातात येतात. पहिला, जाडीचे किती गट करायचे. आधीचा ठरलेला आकडा ५. दुसरा, रेघ किती सरळ नि गुळगुळीत हवी. तो ० ते १ मध्ये असतो आणि आधी ०.२६ ठेवलेला असतो. वाढवला की भाग कमी आणि मोठे होतात. नवीन माणूस गोंधळतो तो पहिल्या आकड्यात. ५ गट म्हणजे ५ भाग नव्हेत. हाताच्या पंज्यात पाचही बोटं साधारण एकाच जाडीची, म्हणून एकाच गटात जातात. पण ती एकमेकांना चिकटलेली नसतात, म्हणून भाग मात्र पाच होतात. पंज्याला दोन गट पुरतात.

समईवर ही पद्धत कशी चालली ते सांगतो, कारण मी सगळ्यात जास्त शिकलो ते यातून. बैठक आणि दांडा झटक्यात वेगळे झाले. खरी बैठक आतून पोकळ आहे, पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा. पण मी समई उभी ठेवूनच फोटो काढले होते, तळ आलाच नव्हता, आणि ते भोक मी सपाट बुजवलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं बैठक भरीव गोळा होती, जाडी भरपूर. तळ नीट स्कॅन केला असता तर बैठकीची जाडी दांड्यापेक्षाही कमी निघाली असती आणि उत्तर उलटं आलं असतं. वाटीत नेमकं तेच झालं. तिचा पत्रा पातळ, तिच्या चोचीही पातळ आणि मोराचा पिसाराही पातळ. तिघांचा गट एकच झाला. मोर आणि वाटी वेगळी राहिली ती केवळ मधला मोराचा खुंट जाड होता म्हणून.

पोकळ, पत्र्याच्या, कापडाच्या वस्तूंवर जाडीवर विसंबू नका. माणूस, प्राणी, खेळणी, हातापायांच्या मूर्ती यांवर ती फार छान चालते.

खाच आणि जाडी दोन्ही एकत्र वापरता येतात. प्रत्येक त्रिकोणाला 'तू या भागात शोभतोस का' याची एक किंमत आणि रेघ जिथून जाते त्या प्रत्येक कडेची एक किंमत धरायची, खाचेवरची कड स्वस्त, उंचवट्यावरची महाग. मग एकूण खर्च सर्वात कमी होईल अशी वाटणी शोधायची. याला ग्राफ कट म्हणतात. हैफाच्या टेक्निऑनमधल्या सागी कात्झ आणि आयेलेट ताल यांनी २००३ मध्ये यातली एक सुरेख युक्ती दाखवली : ज्या त्रिकोणांबद्दल खात्री आहे ते आधी वाटून टाका, सीमेवरचा एक पट्टा मुद्दाम संशयित ठेवा, आणि नेमकी रेघ फक्त त्या पट्ट्यात शोधा. हातानं करतानाही मी आता तसंच करतो.

शिकलेल्या प्रोग्रामबद्दल थोडक्यात

मशीन लर्निंगनं, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामनी, हे काम पुष्कळ पुढे नेलं आहे. २०१७ च्या पॉइंटनेटनं नुसत्या बिंदूंवरून भाग ओळखून दाखवले. २०१९ च्या मेशसीएनएननं कडांवरून. शिकवायला पार्टनेटसारखे संच आहेत, त्यात २४ प्रकारच्या वस्तूंची २६,६७१ मॉडेल आणि ५,७३,५८५ भाग माणसांनी खुणा करून ठेवलेले आहेत. अशा शिकलेल्या प्रोग्रामचा मोठा फायदा म्हणजे तो भागाला नाव देतो : पाठ, पाय, हात. या लेखात आधी सांगितलेल्या कुठल्याही पद्धतीला नावं कळत नाहीत.

पण तो शिकतो ते संचात असलेल्या वस्तूंवरून. त्यात दिवा आहे, तो बहुतेक विजेचा, टेबलावरचा किंवा छताला टांगलेला. समई दाखवली तर तो तिच्यात शेड शोधेल. आपल्या घरातल्या वस्तू, आपली भांडी, दागिने, मूर्ती या संचांमध्ये जवळपास नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते. आत्ता चालणारी एक वाट अशी : मॉडेलची चहूबाजूंनी चित्रं काढायची, मेटाच्या २०२३ च्या सेगमेंट एनीथिंगसारख्या चित्रं समजणाऱ्या प्रोग्रामकडून त्यांचे भाग करून घ्यायचे आणि प्रत्येक त्रिकोण ज्या ज्या चित्रात दिसतो त्यांचं बहुमत घ्यायचं. खाचांमध्ये आणि वाटीच्या आत, जिथं कॅमेरा पोचत नाही, तिथं हातानं भरावं लागतं.

तपासणी

दोन सेगमेंटेशनची तुलना करायला रँड इंडेक्स वापरतात. कुठलेही दोन त्रिकोण घ्या आणि विचारा : पहिल्या सेगमेंटेशनमध्ये ते एकाच भागात आहेत का, आणि दुसऱ्यामध्ये? दोन्ही उत्तरं जुळली तर एक गुण. ४०,००० त्रिकोणांच्या जवळपास ८० कोटी जोड्या होतात, पण त्या एकेक मोजाव्या लागत नाहीत, दोन्ही याद्यांचा एक तक्ता केला की उत्तर मिळतं. भागांचे क्रमांक जुळायची गरज नाही ही यातली सोय. त्रिकोण लहानमोठे असतील तर क्षेत्रफळाप्रमाणे वजन द्या, नाहीतर बारीक नक्षीचा मोर बैठकीपेक्षा भारी ठरतो.

आकडा चांगला आला तरी मॉडेल डोळ्यांनी फिरवून बघाच. भाग बरेच असले की बहुतेक जोड्या दोन्हीकडे वेगवेगळ्याच असतात, त्यामुळे हा आकडा सहज वर जातो. रेघ खाचेपासून दोन मिलिमीटर सरकली असेल तर ती आकड्यात दिसत नाही, प्रिंटमध्ये दिसते.

साठवताना

कमी त्रिकोणांच्या मेशवर मिळालेले क्रमांक आता मूळ मेशवर न्यायचे. मूळच्या प्रत्येक त्रिकोणाच्या मध्यबिंदूला सर्वात जवळचा कमी मेशवरचा त्रिकोण शोधा आणि त्याचा क्रमांक द्या. पातळ पत्र्यावर जपून, वाटीच्या आतल्या त्रिकोणाला बाहेरचा क्रमांक मिळू शकतो. लंबांची दिशा जुळते का तेही बघा.

एसटीएल फाइलमध्ये भाग राहत नाहीत, सेव्ह केलं की मेहनत गेली. ओबीजेमध्ये गट ठेवता येतात, पीएलवायमध्ये प्रत्येक त्रिकोणाला क्रमांक जोडता येतो, थ्रीएमएफमध्ये प्रिंटसाठी वेगळे भाग एकाच फाइलीत राहतात. प्रिंटसाठी भाग वेगळे करत असाल तर खुंटी आणि भोक यांच्यामध्ये ०.२ मिलिमीटरची ढील ठेवून एक छोटा तुकडा आधी छापून पाहा, प्रत्येक प्रिंटरचा हात वेगळा असतो.

आणि क्रमांकांशेजारी भागांच्या नावांची यादी ठेवा, वस्तू वापरणाऱ्यांच्या शब्दांत. माझ्या समईच्या फाइलीसोबत अशी एक छोटी टेक्स्ट फाइल आहे : १ बैठक, २ खालचा दांडा, ३ वरचा दांडा, ४ वाटी, ५ मोर. चारच्या पुढे मी लिहून ठेवलं आहे, "गळा वाटीबरोबर निघतो."